जर्मनीतील नवे घर: यांत्रिक वायुवीजन घ्यावे की खिडक्या उघडून भागेल?

इसारकाठ

नमस्कार. म्युनिकच्या पूर्वेकडील एका गावात आम्ही नवे घर बांधून घेत आहोत. रांगेतील शेवटचे घर आहे, राहण्याची जागा सुमारे १४० चौरस मीटर आहे, खाली तळघर आहे, हीट पंप आणि फरशीखालचे हीटिंग आहे आणि दर्जा 'एफिझिएन्सहाउस ४०' (अत्यंत कमी ऊर्जा लागणाऱ्या घराचा जर्मन दर्जा) असा ठरला आहे. हवेच्या बाबतीत बिल्डरने आमच्यापुढे तीन पर्याय ठेवले आहेत. पहिल्यात खिडक्यांच्या चौकटींत हवेच्या फटी आणि न्हाणीघरांत हवा बाहेर फेकणारे पंखे आहेत. दुसऱ्यात बाहेरच्या भिंतींमध्ये जोडीजोडीने बसणारी छोटी यंत्रे आहेत. तिसऱ्यात एकच मध्यवर्ती यंत्र असून सर्व खोल्यांना नळ्या जोडलेल्या असतात आणि बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता आत येणाऱ्या हवेला दिली जाते. तिसऱ्या पर्यायासाठी दहा हजार युरोंहून बरीच अधिक रक्कम मोजावी लागेल. पहिला पर्याय घेतल्यास आम्ही रोज किमान दोनदा संपूर्ण घर हवेशीर करू, अशा मजकुराच्या कागदावर सही करावी, असेही बिल्डरचे म्हणणे आहे.

आम्ही दोघेही नोकरी करतो, मुले दोन आहेत आणि रत्नागिरीहून आई-वडील येतात तेव्हा काही महिने घरात सहा माणसे असतात. इथल्या शेजाऱ्यांचे मत असे की, पाच मिनिटे सगळ्या खिडक्या सताड उघडण्याची त्यांची पिढीजात सवय पुरेशी आहे आणि यंत्र म्हणजे निष्कारण खर्च. नळ्या स्लॅबमध्ये टाकायच्या असल्याने काँक्रीट ओतण्यापूर्वी निर्णय द्यावा लागेल. ज्यांनी नव्या घरात काही वर्षे काढली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कौलारू

मी श्टुटगार्टजवळ इमारतींच्या ऊर्जा-सल्ल्याचे काम करतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

तुमच्या शेजाऱ्यांची सवय चांगलीच आहे, पण ती ज्या घरांत रुजली ती घरे निराळी होती. जुन्या खिडक्यांच्या आणि छपराच्या फटींतून रात्रंदिवस थोडी थोडी हवा येत-जात असे आणि खिडकी उघडणे ही त्यावरची भर होती. तुमच्या घरात ही आपोआप होणारी ये-जा जवळजवळ उरणार नाही. २०२० पासून लागू असलेला इमारत-ऊर्जा कायदा घराचे बाह्य आवरण हवाबंद असावे अशी मागणी करतो आणि आरोग्यासाठी लागणाऱ्या किमान वायुबदलाचे नियम कायम राहतील, असे त्याच कलमात म्हणतो. ब्लोअर डोअर चाचणीत दारात पंखा बसवून घरात ५० पास्कलचा दाबफरक निर्माण करतात आणि तासाला घरातील हवा किती वेळा बदलते ते मोजतात. यांत्रिक वायुवीजन नसलेल्या घराला ३ पर्यंत आणि असलेल्या घराला १.५ पर्यंत मुभा आहे. पॅसिव्ह हाउसला (नाममात्र हीटिंग लागणाऱ्या घराला) ०.६ ची मर्यादा आहे. चांगल्या नव्या घराचा आकडा १ च्या आसपास येतो. त्याचा अर्थ असा की, साध्या दिवशी फटींतून तासाला घरातील हवेचा दहावा हिस्सासुद्धा बदलत नाही.

आता ओलाव्याचा हिशेब करू, कारण माझ्या मते या प्रश्नाचा निकाल तिथेच लागतो. स्वयंपाक, आंघोळी, घरात वाळणारे कपडे, झाडे आणि माणसांचा श्वास मिळून चार जणांच्या कुटुंबात रोज साधारण १० लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत जाते. २० अंश तापमानाच्या आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे सुमारे ८.६ ग्रॅम पाणी असते. बाहेर शून्य अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली, तरी त्या हवेत ३.९ ग्रॅमच पाणी असते, कारण थंड हवेत पाणी मावतच कमी. म्हणजे आतला एक घनमीटर बाहेर जाऊन बाहेरचा आत आला की पावणेपाच ग्रॅम पाणी घराबाहेर पडते. १० लिटरसाठी रोज सुमारे २,१०० घनमीटर हवा बदलावी लागेल. तुमच्या घरात साधारण ३५० घनमीटर हवा आहे. म्हणजे संपूर्ण घराची संपूर्ण हवा रोज सहा वेळा बदलायला हवी आणि ती झोपेच्या आणि कामाच्या तासांसह चोवीस तासांत नीट विभागून बदलायला हवी. बिल्डरच्या कागदात 'दोनदा' लिहिले आहे, तेव्हा तो आकडा याच्या शेजारी ठेवून पाहावा.

त्या कागदाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. वायुवीजनाचे जर्मन मानक डिन १९४६, भाग ६, नव्या घरासाठी वायुवीजनाचा आराखडा मागते आणि त्यातील सर्वांत खालची पायरी, म्हणजे ओलीपासून इमारतीचे संरक्षण, ही राहणाऱ्यांच्या कृतीवर अवलंबून नसावी असे सांगते. कुटुंब तीन आठवडे गावाला गेले तरी ती पायरी चालू राहिली पाहिजे. म्हणून सही करण्यापूर्वी लेखी आराखडा मागा आणि त्यात खोलीनिहाय किती घनमीटर हवा धरली आहे ते पाहा.

निंबोणी

मी दुसरी बाजू मांडते. आमचे फ्रँकफर्टजवळचे घर नवे बांधलेले आहे, त्यात मध्यवर्ती यंत्र नाही, न्हाणीघरात आर्द्रता ओळखून चालू होणारे पंखे आणि खिडक्यांत फटी आहेत, म्हणजे तुमच्या पहिल्या पर्यायासारखीच रचना आहे. आम्ही दोघेच राहतो आणि मी घरूनच काम करते. समोरासमोरच्या खिडक्या एकाच वेळी पूर्ण उघडल्या की कडक थंडीत चार-पाच मिनिटांत हवा बदलते. तेवढ्या वेळात भिंती आणि फरशी थंड होत नाहीत, त्यामुळे खिडक्या लावल्यावर खोली लगेच उबदार होते. वसंतात आणि शरद ऋतूत हा वेळ दहा-पंधरा मिनिटांवर जातो, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. प्रत्येक खोलीत आर्द्रतामापक ठेवला आहे आणि थंडीत आकडा ५५ च्या वर जाऊ लागला की खिडकी उघडते. आजवर बुरशीचा ठिपकाही दिसलेला नाही.

खिडकी तिरपी करून तासन्‌तास ठेवू नये, एवढे मात्र आवर्जून सांगते. हवा फारशी बदलत नाही, खिडकीच्या वरची आणि बाजूची भिंत गार पडते आणि ओल नेमकी तिथेच धरते.

यंत्र असलेल्या दोन ओळखीच्या घरांत मी थंडीत राहिले आहे. एका घरात हवा इतकी कोरडी होती की रात्री घसा सुकत असे आणि दुसऱ्या घरात निजायच्या खोलीत सतत घरघर ऐकू येत होती. यंत्रावर पैसा घालण्याआधी या गोष्टींचा विचार व्हावा.

कौलारू

निंबोणी यांच्या घरी हे जमते याबद्दल मला शंका नाही आणि का जमते तेही त्यांच्याच लिखाणात आहे. घरात दोन माणसे आहेत, त्यांतले एक दिवसभर घरी आहे आणि ते मापकाकडे पाहून कृती करते. इसारकाठ यांच्याकडे यांतले एकही नाही.

त्यातही रात्रीचा प्रश्न राहतोच. १५ चौरस मीटरच्या निजायच्या खोलीत साडेसदतीस घनमीटर हवा असते. झोपलेली दोन प्रौढ माणसे तासाला मिळून अंदाजे २५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. दार-खिडकी बंद असेल आणि हवा अजिबात बदलत नसेल, तर पातळी तासाला साडेसहाशे पीपीएमहून (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) अधिक वाढते, म्हणजे ५०० पासून सुरुवात केली तर पाऊण तासात १,००० आणि सव्वादोन तासांत २,००० ओलांडले जातात. दाराखालच्या फटीमुळे प्रत्यक्षात वेग कमी असतो, पण पहाटेपर्यंत पातळी तिथेच पोहोचते. जर्मनीच्या संघीय पर्यावरण कार्यालयाच्या वर्गवारीत १,००० पर्यंतची पातळी निर्धोक आणि २,००० च्या वरची अस्वीकार्य आहे. १,००० ही मर्यादा तुमच्याच शहरातून आली. आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी म्युनिकमध्ये घरांतील वायुबदलाचा अभ्यास करून १८५८ मध्ये ती सुचवली. झोपायच्या आधी पाच मिनिटे खिडकी उघडली तरी मध्यरात्रीनंतर तिचा काही उपयोग उरत नाही आणि मुलांच्या खोलीत रात्री दोनदा उठून खिडकी उघडायला कोणी जाणार नाही.

कोरड्या हवेची तक्रार खरी आहे, तिला मी टाळत नाही. त्याच हिशेबाने, तासाला १५० घनमीटर हवा सतत बदलत राहिली आणि घरात दोनच माणसे रोज ५ लिटर वाफ निर्माण करत असली, तर बाहेर शून्य अंश असताना आतली आर्द्रता ३० टक्क्यांवर येते. चार माणसांच्या घरी ती ३९ च्या आसपास राहते. यंत्र माणसांच्या मानाने जास्त वेगावर ठेवले की घसा सुकतो आणि बहुतेक घरांत ते बसवल्या दिवशीच्याच वेगावर वर्षानुवर्षे चालू असते. माणशी तासाला ३० घनमीटर हे सर्वसाधारण माप धरावे आणि घर रिकामे असताना वेग कमी करावा. याउपर कोरडेपणा वाटत असेल, तर बाहेर जाणाऱ्या हवेतील ओलाव्याचा काही भागही आतल्या हवेला परत देणारा एन्थाल्पी एक्स्चेंजर मिळतो.

माळरान

आमच्याकडे दुसरा पर्याय आहे, म्हणून त्याबद्दल लिहितो. जोडीतील एक यंत्र सुमारे ७० सेकंद हवा बाहेर फेकते, तेव्हा आतला सिरॅमिकचा ठोकळा तापतो. मग दिशा उलटते आणि आत येणारी थंड हवा त्याच ठोकळ्यावरून गरम होऊन येते. जोडीदार यंत्र त्याच वेळी उलट दिशेने चालते. नळ्या लागत नाहीत, स्लॅबचा प्रश्न येत नाही आणि जुन्या घरातही ते बसवता येते. उणिवा मात्र आहेत. पंखा उशापासून दोन मीटरवर असतो, दिशा बदलताना आवाज बदलतो आणि हलकी झोप असलेल्यांना तो बदल जाणवतो. घराच्या एका बाजूवर जोराचा वारा आदळत असेल तर जोडीचा तोल बिघडतो. भिंतीला भोक पडल्याने रस्त्याचा आवाजही काही प्रमाणात आत येतो. आम्ही पाहुण्यांच्या खोलीत आणि अभ्यासिकेत समाधानी आहोत, निजायच्या खोलीत नाही.

खर्चाबद्दल एक हिशेब देतो, कारण विक्रेते ऊर्जाबचतीच्या नावावर बरेच काही सांगतात. तासाला १५० घनमीटर हवा, आत-बाहेर सरासरी १५ अंशांचा फरक आणि हवेच्या प्रत्येक घनमीटरला अंशामागे ०.३४ वॉट-तास धरले, तर ७६५ वॉट उष्णता सतत बाहेर जाते. हीटिंगच्या ५,००० तासांत ती ३,८०० किलोवॉट-तास होते आणि यंत्राने ८० टक्के परत मिळवली तर ३,००० वाचते. पण तुमच्याकडे हीट पंप आहे. एका युनिट विजेत तो साडेतीन युनिट उष्णता देत असेल, तर ही बचत विजेत ८५० युनिटच्या आसपास येते. त्यातून यंत्राच्या पंख्यांचे अडीचशे युनिट वजा करा. उरलेल्या सहाशे युनिटचे वर्षाला सुमारे दोनशे युरो होतात आणि त्यातूनही फिल्टरचे पैसे जातात. एवढ्यावर यंत्राची किंमत वसूल होत नाही. तेही खिडक्यांनी तेवढीच हवा बदलली असती असे गृहीत धरल्यावरचे गणित आहे आणि तेवढी ती कोणी बदलत नाही.

सांजवात

माळरान यांचा हिशेब पटतो आणि तरीही मी मध्यवर्ती यंत्रच सुचवीन. पैशांच्या बचतीसाठी आम्ही ते घेतले नव्हते. थोरल्या मुलीला बर्चच्या परागकणांचा त्रास आहे आणि हवा आत येते त्या तोंडाशी ईपीएम-१ दर्जाचा, अतिसूक्ष्म कण अडवणारा फिल्टर बसवल्यापासून वसंतातल्या रात्री ती नीट झोपते. खिडकी बंद ठेवूनही ताजी हवा मिळणे ही ज्यांच्या घराजवळून एस-बान (उपनगरी रेल्वे) किंवा आउटोबान (द्रुतगती महामार्ग) जाते त्यांच्यासाठीही मोठी गोष्ट आहे. यंत्र असले की खिडक्या उघडताच येत नाहीत, असा एक समज आहे, तो निराधार आहे. आम्ही मनाला येईल तेव्हा उघडतो. फक्त उघडल्याच पाहिजेत अशी सक्ती राहत नाही.

आपल्या स्वयंपाकाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. फोडणीचा तेलकट धूर वायुवीजनाच्या नळ्यांत जाऊ देऊ नये. स्वयंपाकघरातील हवा खेचणाऱ्या तोंडाला चरबी अडवणारा फिल्टर हवाच, पण मुख्य काम चुलीवरच्या हूडने करायला हवे. हवा बाहेर फेकणारा जोरदार हूड हवाबंद घरात तेवढीच हवा दुसरीकडून मागतो, म्हणून तो चालू असताना खिडकी उघडी असावी लागते. घरात लाकडाची शेगडी असेल तर धूर खोलीत ओढला जाऊ नये यासाठी खिडकीला सुरक्षेचा संपर्क-स्विच लावावा लागतो आणि धुराडे-निरीक्षकाशी आधी बोलावे लागते. आमच्याकडे सक्रिय कोळशाचा फिल्टर असलेला, हवा घरातच फिरवणारा हूड आहे. तो तेल पकडतो पण वाफ पकडत नाही, त्यामुळे कुकर लावला की यंत्राचा वेग तासाभरासाठी वाढवतो. सुक्या मासळीचा वास मात्र कोणत्याही यंत्राने लवकर जात नाही. त्या दिवशी खिडक्या उघडाव्या लागतात.

आई-वडील आले की वेग एक पायरी वाढवून ठेवावा. तळघराबाबत त्यांना समजावून सांगणेही आवश्यक आहे. कोकणात कुबट वास आला की दारे-खिडक्या उघडतात आणि ते तिथे योग्य आहे, पण इथे जुलैमध्ये २८ अंशांच्या, ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे १६ ग्रॅम पाणी असते आणि तळघराच्या १६ अंशांच्या भिंतीजवळ साडेतेरा ग्रॅमच मावते. उरलेले पाणी भिंतीवर बसते. उन्हाळ्यात तळघराच्या खिडक्या पहाटेच उघडाव्यात, दुपारी बंद ठेवाव्यात.

आणि उन्हाळ्यात यंत्राकडून गारव्याची अपेक्षा करू नका. रात्री बायपासमधून, म्हणजे उष्णतेची देवाणघेवाण टाळून, थंड हवा येते, पण पाच अंशांच्या फरकाने १५० घनमीटर हवा तासाला जेमतेम अडीचशे वॉट उष्णता बाहेर नेते. त्या ऋतूत खिडक्या कितीतरी सरस ठरतात. खिडक्यांना बाहेरून पडदे किंवा रोलर शटर घ्या.

इसारकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आमचा कल आता तिसऱ्या पर्यायाकडे झाला आहे. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नव्या बांधकामातील पाणी वाळवण्यासाठी हेच यंत्र राहायला जाण्यापूर्वी चालवावे का? आणि निंबोणी यांनी लिहिलेली घरघर टाळण्यासाठी बिल्डरकडे नेमके काय मागावे?

कौलारू

बांधकाम चालू असताना यंत्र अजिबात चालवू नये. गिलाव्याची आणि घासकामाची धूळ नळ्यांत, फिल्टरमध्ये आणि एक्स्चेंजरमध्ये जाऊन बसते. नळ्यांची सर्व तोंडे टोपणांनी बंद ठेवायला सांगा आणि प्रत्येक भेटीत ती बंद आहेत का ते स्वतः पाहा.

पक्क्या बांधणीच्या घरात काँक्रीट, गिलावा आणि एस्ट्रिख (फरशीखाली ओतलेला सपाट थर) मिळून हजारो लिटर पाणी असते. ते बाहेर काढायचे काम खिडक्यांचे आणि बाऊट्रॉकनरचे आहे, मात्र दोन्ही एकाच वेळी नाही. ओलावा शोषणारे यंत्र लावले की खिडक्या बंद हव्यात, नाहीतर ते बाहेरची हवा सुकवत बसते. फरशीखालचे हीटिंग सिमेंटच्या एस्ट्रिखमध्ये साधारण २१ दिवसांनंतर आणि कॅल्शियम सल्फेटच्या एस्ट्रिखमध्ये ७ दिवसांनंतर ठरलेल्या क्रमाने चालू करतात. लाकडी फरशी घालण्यापूर्वी सीएम (कार्बाइड) चाचणीने एस्ट्रिखचा ओलावा मोजून त्याचा कागद घ्या. हीटिंग असलेल्या सिमेंटच्या एस्ट्रिखसाठी १.८ टक्के ही प्रचलित मर्यादा आहे. घाई करणारे गवंडी आणि फरशीवाले या चाचणीला कंटाळतात. तुम्ही आग्रह सोडू नका.

राहायला गेल्यावर पहिल्या दोन हिवाळ्यांत यंत्र नेहमीपेक्षा थोडे वेगाने चालवा आणि गरजेप्रमाणे खिडक्याही उघडा. हवा २० अंशांची आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर भिंतीचा पृष्ठभाग १२.६ अंशांपर्यंत उतरल्यावर बुरशीला पोषक ओलावा तयार होतो. आर्द्रता ६० झाली की तोच धोका १५ अंशांच्या वर सुरू होतो. तुमच्या उत्तम उष्णतारोधक भिंती एरवी याहून उबदार राहतील. पण बाहेरच्या कोपऱ्यात छतापर्यंतचे कपाट भिंतीला चिकटवून ठेवले, तर त्यामागची जागा गार पडते. तिथे पाच ते दहा सेंटिमीटर मोकळी जागा सोडा.

आवाजाबद्दल: निजायच्या खोल्यांत २५ डेसिबलची मर्यादा करारात लिहून घ्या. यंत्राच्या दोन्ही बाजूंना सायलेन्सर हवेत आणि प्रत्येक खोलीला वितरण-पेटीपासून स्वतंत्र नळी हवी, म्हणजे एका खोलीतले बोलणे दुसरीत ऐकू येत नाही. यंत्र निजायच्या खोलीच्या भिंतीला टांगू नका. खोल्यांच्या दारांखाली सुमारे एक सेंटिमीटर फट लागते, नाहीतर आत आलेल्या हवेला न्हाणीघराकडे जायला वाट मिळत नाही. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे काम पूर्ण झाल्यावर प्रत्येक तोंडाशी हवेचा प्रवाह मोजून झडपा जुळवाव्या लागतात आणि त्याचा तक्ता घरमालकाला द्यावा लागतो. मी पाहिलेल्या तक्रारींपैकी बहुतेक घरांत यंत्र चांगले होते, हे जुळवण्याचे काम मात्र झालेले नव्हते. शेवटचा हप्ता तो तक्ता हातात आल्यावर द्या.

इसारकाठ

तक्त्याची अट आणि डेसिबलची मर्यादा करारात घालण्याबद्दल आजच पत्र पाठवतो. हवा आत घेण्याचे तोंड मात्र आराखड्यात पुढच्या दाराशेजारी, जमिनीपासून जेमतेम मीटरभर उंचीवर दाखवले आहे आणि तिथेच गाडी उभी राहणार आहे. हे चालेल का?

माळरान

चालणार नाही, बदलून घ्या. गाडीचा धूर, कचऱ्याचे डबे आणि जमिनीलगतची धूळ थेट घरात येईल. ते तोंड दोन-तीन मीटर उंचीवर, शक्यतो बागेच्या किंवा सावलीच्या बाजूला, शेजाऱ्यांच्या धुराड्यापासून आणि घाण हवा बाहेर फेकणाऱ्या तोंडापासून पुरेसे दूर हवे. भिंतीतली जागा आता आराखड्यात हलवता येते, स्लॅब ओतल्यावर नळीचा मार्ग बदलणे फार अवघड जाते. यंत्राची जागा ठरवताना फिल्टर काढायला समोर मोकळी जागा आहे का आणि यंत्रातले साचलेले पाणी वाहून जायला जवळ निचरा आहे का, हेही त्याच पत्रात विचारा. फिल्टर वर्षातून किमान एकदा, परागकणांच्या मोसमानंतर तर नक्कीच, बदलावा लागतो आणि तळघरात सामानाच्या मागे दडलेल्या यंत्राचा फिल्टर कोणी बदलत नाही.